दोन तासांची साखर

बोट टोकाला टोचायचं नाही, कडेला टोचायचं. टोकाला नसा जास्त. तिथे टोचलं की माणूस दिवसभर आपल्या नावाने शंख करतो. आधी हात धुवायला लावायचे, कारण नुकतंच केळं सोललेल्या बोटावरची साखरसुद्धा यंत्र इमानेइतबारे मोजतं आणि समोरच्याचा जीव टांगणीला लावतं. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. निवृत्त झाले तरी कुणी हात पुढे केला की माझी नजर अजून आधी त्याच्या बोटांच्या कडांकडे जाते. तिथे बारीक ठिपके दिसले की कळतं, हा आपल्या गोतावळ्यातला.

मी मूळची नागपूरची. तिथे एका इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमचे हे मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीत र्युसेल्सहाइम गावच्या गाड्यांच्या कारखान्यात लागले आणि त्यांच्यामागून मी आले. जर्मन शिकले, इथलं शिक्षण नव्याने केलं आणि स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मधुमेहाची सल्लागार म्हणून लागले, ती तिथूनच निवृत्त झाले. सल्लागार हे नाव मोठं आहे. काम म्हणजे बोटं टोचणं, इन्सुलिन घ्यायला शिकवणं आणि लोकांच्या ताटात नाक खुपसणं. या शेवटच्या कामाला मला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज पडली नाही, असं आमचे हे म्हणतात.

आपली माणसं माझ्याकडे येत ती चेहरा पाडून. पुण्याचे सॉफ्टवेअरवाले सांगत, "आमच्या घरात शुगर नाही हो काकू, बाबांची फक्त थोडी हाय असते." बाबा रोज गोळ्या घेत असायचे. एकदा एका इंजिनिअरच्या सासूबाई इथे मुक्कामाला असताना तपासणीला आल्या. काही खाल्लंय का विचारलं, तर म्हणाल्या, "छे, आज चतुर्थी. कडकडीत उपास. सकाळी नुसती साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं." त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. चाळिशीच्या आत, पोट सुटलेलं नसताना, टेनिस खेळत असतानाही आपल्या लोकांना साखर होते, हे आमच्या डॉक्टरीणबाईंना आधी पटत नसे. इथल्या पुस्तकांत मधुमेही म्हणजे साठीचा, गोल पोटाचा जर्मन माणूस. पण आमच्याकडे येणारे भारतीय पाहून त्यांचं मत बदललं, आणि त्यानंतर घानाहून आलेले लोक पाहून ते पक्कं झालं. हे लोकही अंगाने शिडशिडीत, कष्टाळू, आणि तरुण वयातच त्यांची साखर चढू लागलेली. वेळीच तपासलं तर वर्षानुवर्षं ती काबूत ठेवता येते. म्हणूनच बाईंनी मला सांगितलं, "तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही त्यांच्याकडे जा. ते आपल्याकडे येतील तेव्हा उशीर झालेला असेल."

म्हणून मी रविवारी त्यांच्या चर्चमध्ये टेबल मांडू लागले. चर्च कसलं, टायरच्या दुकानावरचा एक हॉल. प्रार्थना तास-दीड तास चाले, गाणी त्याहून जास्त. नंतर बायका रंगीबेरंगी कापडांत भाताची पातेली उघडत आणि पुरुष माझ्या टेबलापासून शक्य तितक्या लांब उभे राहत. हात दाखवून अवलक्षण कशाला, हे तत्त्वज्ञान जगात सगळीकडे सारखंच आहे. शेवटी त्यांचे पास्टर स्वतः पुढे झाले, बाही सरसावली आणि माझ्यासमोर बोट धरलं. मग लाइन लागली.

त्या लाइनीत क्वाबेना होता. घानामध्ये जन्मवारावरून नाव पडतं. क्वाबेना म्हणजे मंगळवारचा, त्याची बायको अकोसुआ रविवारची. क्वाबेनाला मी आधीपासून ओळखत होते, कारण तो आमच्या मार्गावरची बस चालवायचा. जर्मनीत बस कुणासाठी थांबत नाही. मी मात्र धापा टाकत येताना दिसले की तो दार उघडं ठेवायचा आणि आतले लोक घड्याळं बघत असताना ओरडायचा, "हळू, आंटी! ही बस तुझीच आहे." चर्चमध्ये त्याने शर्ट वर करून सपाट पोटावर थाप मारली. "हे बघ. दर शनिवारी फुटबॉल खेळतो. माझ्यात साखर कुठे शोधणार?"

आकडा जेवणानंतरच्या मानाने जरा जास्त होता. फार नाही, पण मला आवडला नाही. मी त्याला दवाखान्यात यायला सांगितलं आणि तो खरंच आला, कारण अकोसुआ त्याला हाताला धरून घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंना त्याची साखरेच्या पाण्याची चाचणी करायची होती. ही चाचणी सोपी आणि कंटाळवाणी. रिकाम्या पोटी रक्त द्यायचं, पेलाभर ग्लुकोजचं गिळगिळीत गोड पाणी प्यायचं आणि दोन तास खुर्चीत बसून राहायचं. खायचं नाही, फिरायचं नाही. मग पुन्हा रक्त. शरीर साखरेचा निचरा कसा करतं ते यात उघडं पडतं, आणि सुरुवातीची सुरुवात पकडायला याच्यासारखी चाचणी नाही.

"दोन तास?" क्वाबेना हसला. "आंटी, माझी पहाटेची पाळी आहे. बस थांबत नाही."

"माझ्यासाठी थांबते की," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी मी थांबवतो. माझ्यासाठी कोण थांबवणार?"

मग दुसरी चाचणी राहिली, आपल्याकडे जिला तीन महिन्यांची साखर म्हणतात ती. कधीही या, जेवून या, एकदा रक्त द्या, जा. रक्तातल्या तांबड्या पेशींना गेल्या काही महिन्यांत किती साखर चिकटली, ते त्यात कळतं. चाचणी उत्तम आहे, पण तिची एक खोड आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशी जन्मतः वेगळ्या असतात. सिकलसेल हे नाव विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. ज्याला आई आणि बाप दोघांकडून तो दोष मिळतो, त्याचे हाल मी नागपूरला पाहिले आहेत. रात्र रात्र सांधे दुखून रडणारी पोरं. ज्याला एकाकडूनच मिळतो तो वाहक. त्याला काहीच होत नाही, तो फुटबॉल खेळतो, बस चालवतो. पण त्याच्या रक्तात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, आणि आमच्या दवाखान्यातल्या छोट्या यंत्राला हा फरक ओळखता येत नव्हता. पश्चिम आफ्रिकेत असे वाहक पुष्कळ. डॉक्टरीणबाईंना हे माहीत होतं. म्हणून सुई काढण्याआधी त्यांनी विचारलं, "घरात कुणाला सिकलसेल? तुमची तपासणी झाली आहे?"

क्वाबेना पटकन म्हणाला, "झालीय. लग्नाआधी चर्च सगळ्यांची करायला लावतं. माझी क्लीन आहे."

"माझी नाही," अकोसुआ बाजूच्या खुर्चीतून हसत म्हणाली. "मी वाहक आहे. पण याची क्लीन आली म्हणून पास्टर हो म्हणाले. दोघांची तशी असती, तर त्यांनी लग्नच लावलं नसतं."

मी मनात म्हटलं, बरं आहे बाई. आपल्याकडे आकाशातल्या मंगळाची चौकशी करतात, हे लोक निदान रक्ताची तरी करतात.

आकडा आला आणि तो निरोगी माणसाचा होता. मी दारातूनच ओरडले, "आलेस गूट!" म्हणजे सगळं ठीक. बाईंनी वर्षभराने पुन्हा यायला सांगितलं. पण रिपोर्ट चांगला आला की माणूस दवाखान्याचा रस्ता विसरतो. यात जर्मन, घाना, महाराष्ट्र असा भेद नाही.

पुढे काही वर्षं तो मला फक्त बसमध्ये दिसत राहिला. त्याच्या सीटशेजारी माल्ट नावाच्या गोड पेयाची बाटली असायची, नंतर दोन असू लागल्या. मग एका हिवाळ्यात त्याचं जाकीट फुगलेलं दिसलं आणि त्यातून वर आलेली मान मात्र बारीक. आपल्याकडे कुणी बारीक झालं की आपण आहाराचा तक्ता मागून घेतो. घानात बारीक होणं म्हणजे एकतर दारिद्र्य, नाहीतर नाव घेऊ नये असा आजार. क्वाबेना लोकांनी काही बोलू नये म्हणून आत दोन-दोन स्वेटर घालत होता. मी दर वेळी म्हणायचे, "एकदा या." तो म्हणायचा, "आंटी, आलेस गूट. तूच ओरडून सांगितलंस ना?" पालथ्या घड्यावर पाणी. माझा स्टॉप आला की मला उतरावं लागायचं.

शेवटी त्याला आमच्याकडे पाठवलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी. बसचा परवाना टिकवायचा तर इथे ठरावीक वर्षांनी डोळे तपासून घ्यावे लागतात. डाव्या डोळ्यासमोर कोळिष्टकं दिसतात, हे तो कुणालाच सांगत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत पाहिलं आणि त्यांना पडद्यावर रक्त दिसलं. मी त्याचं बोट टोचलं. साखर फारच वर असली की यंत्र आकडा देत नाही, नुसतं 'हाय' असं लिहितं. मी दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच.

नुकतीच सुरू झालेली साखर डोळे असे खात नाही. ती वर्षानुवर्षं तिथे होती आणि आम्ही तिला ठीक म्हणत होतो. डॉक्टरीणबाई चिडल्या, हिरमुसल्या आणि मग त्यांनी रक्त मोठ्या लॅबकडे पाठवलं. उत्तर आलं. क्वाबेना वाहक होता.

बाईंनी त्याला एकट्याला आत बोलावून हे सांगितलं. तिथून तो इन्सुलिन शिकायला माझ्या खोलीत आला आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या बटाट्यांकडे बघत बसला. ते बटाटे जर्मन आहार शिकवण्यासाठी असतात.

"आंटी, मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"माझं रक्त. आधी अकोसुआची तपासणी झाली. ती वाहक निघाली. दुसऱ्या आठवड्यात माझी झाली, मीही तसाच. लॅबमध्ये माझा शाळासोबती होता. त्याने माझं क्लीन करून दिलं."

मला त्याचा इतका राग आला की हातातली सुई मी खाली ठेवली. आपल्याकडे पत्रिका बदलतात, मंगळ लपवतात. लपवोत बापडे, मंगळ कुणाचे सांधे दुखवत नाही. रक्त लपवणाऱ्यांची लेकरं मी मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, "तुम्हाला कळत होतं का, मुलाला काय होऊ शकतं ते?"

"माझी धाकटी बहीण त्यानेच गेली," तो म्हणाला. "माझ्याइतकं कुणाला कळत होतं? पण मला अकोसुआच पाहिजे होती."

मग त्याने पुढचंही सांगितलं. त्यांना एकच मुलगी, एफुआ. ती ठणठणीत निघाली. तिच्या जन्मानंतर वर्षभर, ती झोपली की तो तिचे गुडघे चाचपून बघायचा, सुजलेत का ते. मग त्याने ठरवलं, पुन्हा नशीब आजमावायचं नाही. अकोसुआला अजून मुलं हवी होती. त्याने तिला सांगितलं, पगार पुरत नाही. मग सांगितलं, घर लहान आहे. मग सांगायचंच सोडून दिलं आणि पाठ करून झोपू लागला.

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती शेजारी बसली होती," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी तिच्यासमोर कसं सांगू? वाटलं, साखरेचा आणि त्याचा काय संबंध?"

त्यानंतर आमच्या दवाखान्यात हा प्रश्न आम्ही नवराबायकोला एकत्र कधीच विचारला नाही. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं आलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी त्यातून फार काही परत मिळालं नाही. उजव्यावर लेझरचे उपचार झाले. त्या डोळ्याने उजेड दिसतो, माणसं दिसतात, त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. परवाना अर्थातच गेला. मी आता दुसऱ्याच ड्रायव्हरच्या बसने जात होते. तो काही दार उघडं ठेवत नसे, आणि मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. उघडं दार दिसलं असतं तर मला माझं 'आलेस गूट' आठवलं असतं.

एक दिवस अकोसुआ एकटीच माझ्याकडे आली. दार लावून घेतलं. "आंटी, मला एक सांग. तुमच्या चाचणीने ठीक आहे म्हटलं होतं. मग हे कसं झालं? चाचणी खोटी होती का?"

इथे आम्हाला तोंड बंद ठेवायची कायद्याने सक्ती असते. पेशंटची गोष्ट बायकोलाही सांगायची नाही. मला चाळीस वाक्यं येत होती आणि एकही बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "हे तू त्यालाच विचार."  काहीतरी आहे एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही.

मी क्वाबेनाला फोन केला आणि माझ्या नागपुरी सुरात ऐकवलं, "आता तुम्ही सांगा. डोळे गेले ते गेले, ती बाई मनातून झिजतेय." तो म्हणाला, सांगतो, पण तुझ्या खोलीत.

दोघं आली. तो बोलत असताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, प्लास्टिकच्या बटाट्यांकडे बघत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं. "म्हणून दुसरं मूल नको म्हणालास?"

"हो."

"मला वाटत होतं, मी तुला नकोशी झाले."

 तिच्या दिशेने त्याने हात पुढे केला, पण ती डावीकडे बसली होती आणि हात रिकाम्या जागेवर गेला. तिने तो धरला नाही. ती उठली, त्याच्या समोर उभी राहिली, आणि त्याच्या कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती ती सगळी काढून पुन्हा नीट लावली. मग म्हणाली, "मी तरीही तुझ्याशीच लग्न केलं असतं, मूर्खा. पास्टर गेला उडत." आणि मग रडली. मीही रडले. सल्लागारांनी पेशंटसमोर रडू नये असं प्रशिक्षणात शिकवतात. ते शिकवणाऱ्या बाईंना अकोसुआ भेटली नव्हती.

हे लिहू का, असं मी दोघांना विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. नावं बदल, पण साखर बदलू नकोस." तसंच केलं आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात ती दोघं एफुआला घेऊन आली. एफुआ विशीतली, वडिलांसारखीच शिडशिडीत, कायझर्सलाउटर्नला शिकायला. आईबापांची भाषा तिला सगळी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बाप मधुमेही, त्यात आईबाप दोघंही वाहक, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेवर भरवसा नाही. तिची खरी चाचणी एकदाच, लवकर आणि नीट व्हायला हवी होती. म्हणजे तीच, साखरेच्या पाण्याची. तिने एका दमात पेला संपवला, तोंड वाकडं केलं आणि खुर्चीत बसून फोनमध्ये डोकं घातलं. अकोसुआला कामावर जायचं होतं. क्वाबेनाला मी म्हटलं, "तुम्ही घरी जा, हिला वेळ लागेल." तो गेला नाही. काठी गुडघ्यांत धरून तिच्या शेजारी बसून राहिला. खिडकीखालून एक बस गेली तेव्हा त्याने मान वळवली. आवाजावरून ती कुठली ते त्याला कळतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "किती वेळ झाला?"

एफुआने फोनमधून मान वर न करता जर्मनमध्ये सांगितलं, अजून एक तास आहे, पापा.

"असू दे," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"